जुने एअर हॉकी टेबल घेताय? आधी वाकून खालून पाहा!

मुंबई-ठाण्यात ज्या पैशांत एका खोलीचे घर मिळते, त्याच पैशांत कल्याणच्या पुढे गेल्यास आणखी एक खोली पदरात पडते. या साध्या हिशेबावर गेल्या काही दशकांत असंख्य कुटुंबांनी अंबरनाथ आणि बदलापूरची वाट धरली. रोजचा लोकलप्रवास लांबला, पण घरात एक खोली वाढली. ही खोली आधी आजी-आजोबांची, मग मुलांच्या अभ्यासाची आणि शेवटी अडगळीची होते, असा बहुतेक घरांचा अनुभव. काही घरांत मात्र तिला आता 'गेम रूम' हे नवे नाव मिळू लागले आहे.

या खोलीत पहिला मान अर्थातच कॅरमचा. त्यानंतर मुलांचा हट्ट सुरू होतो तो मॉलमधील एअर हॉकीच्या टेबलासाठी. नाणे किंवा कार्ड टाकताच फुरफुरणारी हवा, काचेवरून घसरल्यासारखी पळणारी चकती आणि पाच मिनिटांत संपणारा डाव. दर रविवारी त्यावर होणारा खर्च मोजणारे पालक एक दिवस विचार करतात, की जुने टेबल घरीच आणले तर? मग जाहिराती चाळल्या जातात. 'चालू स्थितीत', 'वापर अत्यल्प', 'घर बदलत असल्याने विकणे आहे', अशा ओळी मोहात पाडतात. फोटोत दिवे लखलखत असतात, गुणफलक झगमगत असतो. सौदा ठरतो, टेम्पो येतो आणि पहिल्याच पावसाळ्यानंतर हे टेबल वाळत घातलेले कपडे ठेवण्याच्या कामी येते.

असे का होते? कारण खरेदी करणारा नेमके तेच पाहतो ज्याची किंमत सर्वांत कमी असते. दिवे, स्टिकर आणि गुणफलक बदलता येतात. एअर हॉकीच्या टेबलाचा जीव दोनच गोष्टींत असतो, सपाट फळी आणि तिच्याखालचा वारा. उल्हास नदीच्या खोऱ्यात राहणाऱ्या ग्राहकाला यात तिसऱ्या गोष्टीचाही विचार करावा लागतो, ती म्हणजे पाणी.

कॅरमचा चुलतभाऊ

मराठी घराला या खेळाचे मर्म समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. कॅरमच्या २९ इंची फळीवर बोरिक पावडर शिंपडली की घर्षण घटते आणि सोंगटी लीलया सरकते. एअर हॉकीत पावडरीचे काम हवा करते. टेबलाची वरची फळी ही प्रत्यक्षात एका बंद, पोकळ पेटीचे झाकण असते. त्या झाकणाला साधारण एकेका इंचावर बारीक छिद्रे पाडलेली असतात. पेटीत बसवलेला ब्लोअर आत हवा कोंबतो, ती छिद्रांतून वर येते आणि फळीवरील हलकी प्लॅस्टिकची चकती, म्हणजेच पक, हवेच्या अतिशय पातळ थरावर तरंगू लागते.

हा तरंगण्याचा खेळ किती नाजूक असतो, हे एका छोट्या गणिताने कळते. समजा, पकचा व्यास ८ सेंटिमीटर आणि वजन ३५ ग्रॅम आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस सेंटिमीटर भरते. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर जेमतेम ०.७ ग्रॅम भार पडतो. भांड्याच्या तळाशी ७ मिलिमीटर पाणी साचले, तर त्याचा जेवढा दाब पडेल, तेवढा हवेचा दाब पकखाली मिळाला की तो उचलला जातो. दाब इतका थोडा लागत असल्यामुळेच लहानशा पंख्यावर हा खेळ चालतो. पण त्याच कारणाने पेटीच्या सांध्यातील एखादी फट, धुळीने बुजलेली शे-दोनशे छिद्रे किंवा दमलेला ब्लोअर संपूर्ण खेळ बिघडवू शकतो.

हा खेळ तसा फार जुना नाही. अमेरिकेतील ब्रन्सविक या बिलियर्ड्सची टेबले बनविणाऱ्या कंपनीतील फिल क्रॉसमन, बॉब केनरिक आणि ब्रॅड बाल्डविन या अभियंत्यांनी १९६९ मध्ये घर्षण नसलेल्या पृष्ठभागावरील खेळाचे काम हाती घेतले. काही वर्षांनी त्याच कंपनीतील बॉब लेमिअक्स यांनी त्याला आइस हॉकीचे रूप दिले आणि १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात ही टेबले बाजारात आली. १९७८ मध्ये अमेरिकेत या खेळाची संघटनाही स्थापन झाली. स्पर्धेचे टेबल ८ फुटी असते आणि ७ गुण आधी मिळविणारा खेळाडू डाव जिंकतो.

कॅरमची सवय असलेल्या घरांनी एक पथ्य मात्र काटेकोर पाळायला हवे. पक अडखळू लागला म्हणून या टेबलावर बोरिक पावडर कधीही टाकू नये. ती थेट छिद्रांत जाऊन बसते आणि दमट हवेत तिचे खडे होतात. जुने टेबल पाहताना छिद्रांच्या कडांना पांढरट थर दिसला, तर आधीच्या मालकाने हा 'उपाय' करून पाहिला आहे, असे समजावे.

आधी खोली मोजा

टेबल पसंत करण्याआधी मोजपट्टी घ्यावी ती घरातच. पूर्ण आकाराचे टेबल ८ फूट लांब आणि ४ फूट रुंद असते. खेळाडू दोन्ही टोकांना उभे राहतात. हात मागे नेण्यासाठी प्रत्येकी किमान ३ फूट जागा सोडली, तर लांबी १४ फुटांवर जाते. बाजूने ये-जा करण्यासाठी दोन-दोन फूट धरल्यास रुंदी ८ फूट लागते. १० बाय १२ च्या शयनगृहात हे टेबल मावेल, पण खेळता येणार नाही. अशा खोलीत ६ फुटी टेबल हीच कमाल मर्यादा समजावी. ६ फूट टेबल आणि दोन्ही टोकांचे तीन-तीन फूट मिळून १२ फूट बरोबर भरतात. तीन-चार फुटांची खेळण्यातली टेबले स्वस्त असली, तरी मुले जरा मोठी झाली की ती कंटाळवाणी ठरतात.

दुसरे माप दाराचे, जिन्याचे आणि लिफ्टचे. ८ बाय ४ फूट म्हणजे प्लायवूडचा अख्खा ताव. घरात फर्निचरचे काम झाले असेल, तर हा ताव लिफ्टमध्ये न मावल्याने हमालांनी जिन्याने वर नेल्याचे अनेकांना आठवत असेल. टेबलाच्या बाबतीत तोच ताव एक फूट जाड आणि कित्येक पट जड असतो. खेळण्याची पेटी दोन भागांत सुटी होत नाही. सुटे होतात ते फक्त पाय आणि डोक्यावरचा गुणफलक. म्हणून जिन्याच्या वळणावर पुठ्ठ्याचा तेवढाच तुकडा फिरवून पाहण्याची तसदी आधीच घ्यावी. टेम्पो दारात उभा असताना हा प्रयोग महागात पडतो.

स्लॅबवर भार येईल का, ही शंका अनेकांना असते. निवासी इमारतीची लादी साधारणपणे दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भाराच्या हिशेबाने आखतात. १५० किलोचे ८ फुटी टेबल जवळपास ३ चौरस मीटर जागा व्यापते, म्हणजे भार ५० किलोच्या आसपास राहतो. तेव्हा चिंता वजनाची नाही, आवाजाची आहे. पक कडेच्या पट्टीवर आपटला की तो खणखणाट पायांवाटे खालच्या घरात उतरतो. पायांखाली जाड रबराचे तुकडे ठेवल्यास तो बराच कमी होतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ हा शांततेचा काळ असून त्या वेळी निवासी भागात आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. शेजारधर्म टिकवायचा असेल, तर दहाच्या ठोक्याला ब्लोअर बंद केलेला बरा.

टेबल येते कुठून?

जुन्या बाजारातील टेबलांचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात. पहिला प्रकार गेम झोनमधील व्यावसायिक टेबलांचा. ती भक्कम असतात, त्यांचा ब्लोअर दमदार असतो आणि फळीवर कठीण आवरण असते. परंतु त्यांनी दिवसाचे दहा-बारा तास काम केलेले असते, वजन भारी असते आणि नाण्याची किंवा कार्डाची यंत्रणा काढून बटण बसवावे लागते. मार्च २०२० नंतरच्या टाळेबंदीत गेम झोन महिनोन्महिने बंद राहिले होते. त्या काळात बंद गाळ्यात उभी राहिलेली टेबले वापराने नव्हे, तर न वापरल्याने बिघडलेली असू शकतात. ब्लोअरचे बेअरिंग आवळलेले असते, पेटीत उंदरांनी घर केलेले असते.

दुसरा प्रकार घरगुती टेबलांचा. ती वजनाला हलकी, बहुतेक वेळा एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्डची, म्हणजे लाकडाचे तंतू वा भुसा चिकटद्रव्यात दाबून केलेल्या फळीची असतात. लहान टेबलांत अनेकदा अडॅप्टरवर चालणारा १२ व्होल्टचा पंखा असतो. तो चार-पाच फुटी टेबलाला पुरतो. त्याहून मोठ्या टेबलाला त्याचा दम अपुरा पडतो.

तिसरा प्रकार परदेशातून आलेल्या वापरलेल्या टेबलांचा. येथे ब्लोअरवरची धातूची पाटी वाचणे अनिवार्य आहे. अमेरिकी टेबल सुमारे ११० व्होल्ट आणि ६० हर्ट्झसाठी बनविलेले असते; आपला पुरवठा २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झचा आहे. असे टेबल थेट लावल्यास ब्लोअर जळतो. ट्रान्सफॉर्मर लावला तर व्होल्टचा प्रश्न सुटतो, पण हर्ट्झचा सुटत नाही. इंडक्शन प्रकारची मोटर ५० हर्ट्झवर एक षष्ठांश हळू फिरते आणि पंख्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्याने तो सुमारे ३० टक्क्यांनी घसरतो. विक्रेता 'सुरू करून दाखवतो' आणि टेबल सुरू होतेही. पक मात्र ओढल्यासारखा चालतो. अशा वेळी नवा २३० व्होल्टचा ब्लोअर बसविण्याचा खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी करावीत.

केवळ स्टिकरवर विश्वास ठेवण्यातही अर्थ नाही. उल्हासनगरच्या मालाबद्दलचा 'मेड इन यूएसए' हा विनोद मध्य रेल्वेच्या प्रवाशांच्या किमान दोन पिढ्यांनी ऐकला आहे. त्यातील थट्टा सोडून द्यावी, पण धडा जरूर घ्यावा. नाव कोणतेही असो, परीक्षा मोटरच्या पाटीची आणि फळीची घ्यावी.

पाण्याची खूण

या पट्ट्यातील जुन्या फर्निचरला एक इतिहास असतो आणि तो बहुधा पावसाळ्याचा असतो. २६ जुलै २००५ च्या महापुरात उल्हास आणि वालधुनी या नद्यांचे पाणी बदलापूरपासून अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याणपर्यंतच्या सखल वस्त्यांत शिरले. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि एक हजारहून अधिक प्रवाशांची सुटका करावी लागली. जुलै २०२१ मध्येही बदलापूरच्या सखल भागांनी पुराचे पाणी पाहिले. तळमजल्यावरील घर, गाळा किंवा गोदाम यांतून आलेल्या कोणत्याही जड वस्तूने या दिवसांत काय सोसले, हे विचारणे म्हणूनच गैर नाही. पूर आला की कपाट रिकामे करता येते, गादी वर टाकता येते. शंभर किलोचे टेबल मात्र जागच्या जागी भिजते.

एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड यांचा दोष असा, की पाणी प्यायल्यावर ते फुगतात आणि वाळल्यावर पूर्वीच्या आकारात परत येत नाहीत. वरून नवे लॅमिनेट, ज्याला बाजारात सरसकट सनमायका म्हणतात, चिकटवले की फुगवटा झाकला जातो, नाहीसा होत नाही. म्हणून ग्राहकाने टेबलाकडे वरून पाहण्याआधी वाकून खालून पाहावे. मोबाइलचा टॉर्च लावावा आणि पाच ठिकाणे तपासावीत.

पायांची खालची टोके फुगलेली, भुसभुशीत किंवा ताज्या रंगाने झाकलेली आहेत का? सर्व पायांवर एकाच उंचीला पुसटशी आडवी रेष दिसते का? ती पाण्याची पातळी असते. खालच्या स्क्रू-बोल्टना गंज आहे आणि वरचे स्वच्छ आहेत का? पेटीच्या तळाला पांढरट किंवा काळपट बुरशी, वाळवीची मातीची नळी किंवा कुबट वास आहे का? आणि शेवटचे म्हणजे, ब्लोअरच्या जाळीत वाळलेल्या गाळाचे कण अडकले आहेत का? यांपैकी दोन खुणा जरी सापडल्या, तरी किंमत कितीही आकर्षक असली तरी हा सौदा सोडून द्यावा. एकदा फुगलेली फळी रंधा मारून सपाट करता येत नाही. वरचा कठीण थर गेला की आतला भुसा उघडा पडतो.

पूर न आलेल्या घरातही दमटपणा असतोच. गच्चीवर पत्र्याखाली, बाल्कनीत किंवा स्वच्छतागृहाच्या ओल्या भिंतीलगत ठेवलेले टेबल चार पावसाळ्यांत कडेने उलते. घरी आणल्यावरही हेच पथ्य पाळावे. टेबल भिंतीपासून अर्धा फूट दूर ठेवावे आणि पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा दहा मिनिटे ब्लोअर चालवावा. पेटीत हवा खेळती राहते आणि बेअरिंगही मोकळे राहते.

वाऱ्याची आणि सपाटीची परीक्षा

खालची तपासणी झाली की मग फळीकडे वळावे. त्यासाठी लागणारी साधने कोणत्याही घरात किंवा शेजारच्या गवंड्याकडे मिळतात. प्लास्टर सपाट करण्यासाठी गवंडी वापरतो ती सरळ ॲल्युमिनियमची पट्टी, एक पाणसळ, उदबत्ती आणि टिश्यू पेपर एवढे पुरेसे आहे.

प्रथम ब्लोअर बंद ठेवून पट्टी फळीवर उभी धरावी, आधी लांबीत, मग रुंदीत आणि शेवटी दोन्ही कर्णांवर. पट्टीखालून एक रुपयाचे नाणे सरकत असेल, तर फळी खचली आहे किंवा फुगली आहे. त्यानंतर ब्लोअर सुरू करून पक मध्यभागी अलगद सोडावा. तो एकाच दिशेने पळत असेल, तर घाबरण्याचे कारण नाही. त्या बाजूच्या पायांखाली पुठ्ठ्याच्या घड्या ठेवून पुन्हा पाहावे. पक शांत झाला, तर दोष जमिनीचा किंवा पायांच्या स्क्रूचा असून तो फुकटात सुटतो. मात्र चारही बाजूंनी सोडलेला पक पुन:पुन्हा एकाच जागी येऊन थांबत असेल, तर तेथे खळगा आहे. तो सुटत नाही.

वारा सर्वत्र सारखा आहे का, हे पाहण्यासाठी पेटवलेली उदबत्ती फळीपासून दोन बोटे उंच धरून हळूहळू फिरवावी. राख फळीवर पडू देऊ नये. धूर जेथे सरळ वर उसळतो तेथे छिद्रे मोकळी आहेत, जेथे तो फळीवर रेंगाळतो तेथे ती बुजलेली आहेत. हीच उदबत्ती पेटीच्या बाहेरच्या सांध्यांजवळ नेल्यास हवा कुठून गळते, तेही दिसते. बुजलेली छिद्रे मूळ मापाच्याच बारीक तारेने मोकळी करता येतात. ती मोठी मात्र करू नयेत. एक छिद्र मोठे केले की हवा तिकडे धावते आणि बाकीच्यांचा वाटा कमी होतो.

ब्लोअर किमान अर्धा तास सलग चालू ठेवण्याचा आग्रह धरावा. दोन मिनिटांत सर्वच मोटरी गुणी वाटतात. अर्ध्या तासाने आवाज घरघरू लागला, जळका वास आला किंवा टेबल थरथरू लागले, तर मोटर बदलावी लागेल असे समजून चालावे. वायर आणि प्लगही पाहावा. धातूचा सांगाडा असलेल्या टेबलाला तीन पिनांचा प्लग आणि घरात नीट अर्थिंग हवेच. विजेच्या बिलाची धास्ती मात्र बाळगू नये. २०० वॅटचा ब्लोअर रोज एक तास चालला, तर महिन्याला ६ युनिट होतात. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर चालवायचे असेल, तर तो शुद्ध साइन वेव्हचा असावा; अन्यथा मोटर गुणगुणते आणि तापते.

सर्वांत शेवटी कडेच्या पट्ट्या पाहाव्यात. धातूच्या पट्टीवरून पक जोमाने परततो, ढिल्या किंवा चिरलेल्या पट्टीवरून तो मेल्यासारखा परततो किंवा उसळून बाहेर पडतो. पकच्या कडेला टवके असल्यास काळजी नको. पक आणि हातातले मॅलेट हे टेबलाचे सर्वांत स्वस्त भाग आहेत. गुणफलक बंद असेल, तर उलट आनंदच मानावा. गोलमधील सेन्सर बिघडलेले टेबल स्वस्तात मिळते आणि गुण मोजायला पाटी-खडू पुरते.

दुरुस्तीला उल्हासनगर जवळ

या तीन शहरांतील ग्राहकाला एक मोठा फायदा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना वसवण्यात आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. बराकींत राहून छोटे-छोटे उद्योग उभारणाऱ्या या शहराचा फर्निचर बाजार आज मुंबई महानगरात ओळखला जातो. फळी, सनमायका, बिजागऱ्या, पायांचे स्क्रू आणि ते बसविणारे सुतार हे सारे येथे एका फेरीत सापडते. अंबरनाथ व बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींमुळे मोटर बांधणारे आणि लेथकाम करणारे कारागीरही या परिसराला नवे नाहीत.

मात्र कोणते काम कोणाला सांगावे, याचे तारतम्य हवे. पाय, बाहेरची पेटी, तळाची फळी ही सुताराची कामे आहेत. तळ बदलायचाच असेल, तर पाण्याला टिकणारे प्लायवूड मागावे. आयएस ३०३ मानकातील बीडब्ल्यूआर दर्जा किंवा त्याहून सरस आयएस ७१० चे मरीन प्लाय, असा शिक्का तावावर पाहून घ्यावा. ब्लोअर हे मोटर मेकॅनिकचे काम. पण खेळाची वरची फळी नव्याने करणे हे हातड्रिलचे काम नव्हे. एक इंच अंतराने छिद्रे धरली, तर ८ बाय ४ फुटांच्या फळीवर ती साडेचार हजारांहून अधिक भरतात, ६ बाय ३ च्या फळीवरही अडीच हजारांपेक्षा जास्त. ती सर्व एका मापाची आणि काटकोनात पाडण्यासाठी संगणकावर चालणारे राउटर यंत्र लागते. म्हणून फळी खराब असलेले टेबल 'दुरुस्त करून घेऊ' या भरवशावर कधीही घेऊ नये. बाकी सारे खराब आणि फळी उत्तम असेल, तर मात्र तोच खरा सौदा.

वाहतुकीचाही हिशेब आधीच करावा. पाय काढून, फळीवर जाड गोधडी आणि पुठ्ठा बांधून टेबल लांब कडेवर उभे न्यावे. आडवे नेऊन त्यावर इतर सामान रचल्यास कल्याण-बदलापूर रस्त्यावरचे खड्डे फळी खचवायला पुरेसे आहेत. उघड्या टेम्पोतून जून ते सप्टेंबर या काळात हे टेबल हलवूच नये. टेम्पोभाडे, हमाली, ब्लोअर वा पायांची दुरुस्ती आणि नवे पक-मॅलेट ही रक्कम जुन्या किमतीत मिळवावी आणि मग तिची तुलना घरपोच नव्या टेबलाच्या किमतीशी करावी. बेरीज नव्याच्या निम्म्याच्या वर जात असेल, तर जुन्याचा मोह सोडलेला बरा.

पावती आणि सावधगिरी

दुकानदाराकडून किंवा जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडून खरेदी केल्यास २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचा आधार मिळतो. ग्राहक स्वतः राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. या तीनही शहरांसाठी हा जिल्हा म्हणजे ठाणे. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांकही उपलब्ध आहे. घर बदलणाऱ्या एखाद्या कुटुंबाकडून टेबल घेतले, तर मात्र हा मार्ग सहसा खुला नसतो, कारण ते व्यापारी नव्हेत. तेथे १९३० च्या वस्तुविक्री कायद्यामागील जुनेच तत्त्व लागू पडते, पारखून घेण्याची जबाबदारी घेणाऱ्याची. म्हणून साध्या कागदावर का होईना, टेबलाचे माप, ब्लोअरची स्थिती आणि सांगितलेले दोष लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात.

टेबल प्रत्यक्ष पाहण्याआधी एक रुपयाही आगाऊ देऊ नये. बदलीमुळे घाईने विकत असल्याचे सांगून 'टोकन' मागणारे आणि पैसे 'परत' करण्यासाठी क्यूआर कोड पाठवणारे भामटे जुन्या वस्तूंच्या व्यवहारांत सर्रास आढळतात. पैसे मिळविण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. पिन मागितला की पैसे जाणार, हे लक्षात ठेवावे. फसवणूक झाल्यास १९३० या सायबर हेल्पलाइनवर तातडीने कळवावे.

घरात वाढलेली ती एक खोली कुटुंबाने रोजच्या लोकलमधील तासाभराच्या जादा प्रवासाची किंमत मोजून मिळवलेली असते. तिच्यात येणारी वस्तू दोन पावसाळ्यांत अडगळ होणार असेल, तर ती फुकट मिळाली तरी महागच. उलट सपाट फळीचे, दमदार वाऱ्याचे एखादे साधे, बिनदिव्यांचे टेबल मिळाले, तर मुलांची सुटी घरातच रंगेल आणि उशिरा परतलेल्या आई-बाबांनाही जेवणापूर्वी सात गुणांचा एखादा डाव खेळावासा वाटेल.

चौकट : निघण्यापूर्वी हे लक्षात ठेवा

- खोलीची लांबी टेबलापेक्षा ६ फूट, रुंदी ४ फूट अधिक हवी. दार, जिना, लिफ्ट यांची मापे लिहून न्या.
- टेबल दिवसा उजेडी पाहा. टॉर्च, ॲल्युमिनियमची पट्टी, पाणसळ, उदबत्ती सोबत ठेवा.
- आधी पाय आणि तळ, मग फळी, मग ब्लोअर. दिवे आणि गुणफलक सर्वांत शेवटी.
- ब्लोअर अर्धा तास सलग चालवून पाहा. पाटीवर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ आहे ना, याची खात्री करा.
- फळी फुगलेली किंवा खचलेली असल्यास कोणत्याही किमतीला नको म्हणा.
- बोरिक पावडर कॅरमसाठीच ठेवा.
- पैसे टेबल चालू पाहिल्यावरच द्या आणि लेखी पावती घ्या.